रेडिओ, रेकॉर्ड, टीव्ही, फोन : सगळ्यांना एकच स्पीकर

गुहागरला आमचं घर खालच्या पाटात आहे. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. घरात वाजणाऱ्या वस्तू भरपूर. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा रेकॉर्ड प्लेअर, सासूबाईंचा रेडिओ, माजघरातला टीव्ही आणि मुलांचे फोन. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या कोपऱ्यातून यायचा आणि धड एकाचाही नाही. चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, त्यामुळे आवाज खाली नाहीतर मागे भिंतीवर जातो. त्यात अण्णांना हल्ली कमी ऐकू येतं. बातम्या लागल्या की टीव्ही एवढा मोठा करावा लागायचा की शब्द फाटायचे. आणि माळ्यावर मात्र दिरांनी दिलेला स्टीरिओ अँप्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन उत्तम स्पीकर गुंडाळून ठेवलेले. गणपतीच्या आत सगळं त्यालाच जोडायचं, असं मी मनावर घेतलं.

अँप्लिफायरला मागे लाल-पांढऱ्या पिनांच्या दोनच जोड्या होत्या आणि जोडायच्या वस्तू चार. मुलाचं म्हणणं, वाय पिन आणू, दोन वायरींची एक करू. मी आधी चिपळूणच्या दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, एका यंत्रातून दोन स्पीकरकडे न्यायला वाय चालते. दोन यंत्रं एकत्र आणायला नाही." कारणही त्यांनी नीट सांगितलं. टीव्ही काय, फोन काय, त्यांच्या आउटपुटचं काम आवाज बाहेर ढकलायचं. दोन आउटपुट एकमेकांना थेट बांधले की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या पोटात शिरतो, आवाज पडतो आणि चिरकतो. त्यासाठी सिलेक्टर स्विच लागतो. चार जोड्या आत, एक जोडी बाहेर आणि पुढे फिरवायची खुंटी. आत इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, त्याला वीजसुद्धा लागत नाही. म्हातारी माणसं असलेल्या घरात हीच वस्तू मला सगळ्यात मोलाची वाटते. रिमोट नको, मेन्यू नको, खुंटी फिरवली की झालं.

रेडिओ सोपा निघाला. त्याच्या हेडफोनच्या भोकातून लाल-पांढऱ्या पिनांची वायर काढली आणि रेडिओचा आवाज मध्यावर ठेवला. आकाशवाणी रत्नागिरी पहिल्या झटक्यात ओटीवर घुमली.

रेकॉर्ड प्लेअरचं गणित वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. रेडिओ किंवा सीडी प्लेअरमधून निघणारा सिग्नल साधारण पाव व्होल्टपासून दोन व्होल्टपर्यंत असतो. रेकॉर्डच्या चुंबकी सुईतून निघतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट, म्हणजे पन्नासावा किंवा त्याहूनही लहान हिस्सा. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्जाचा भाग दाबलेला आणि वरच्या पट्टीचा भाग चढवलेला असतो. खर्ज पूर्ण ताकदीनं कापला तर खाच फार रुंद होईल आणि एलपीवर कमी वेळ मावेल. वरची पट्टी चढवून ठेवली की वाजवताना ती खाली आणता येते आणि तिच्याबरोबर सुईची खरखरही दबते. हे प्रमाण १९५४ च्या सुमारास ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. दोन्ही टोकांना फरक जवळजवळ २० डेसिबलचा. तो उलटा फिरवून सिग्नल मोठा करणारी फोनो प्रीअँप नावाची डबी मधे लागतेच. ती नसेल तर गाणं बारीक, पत्र्यासारखं ऐकू येतं.

डबी आल्यावर रेकॉर्ड वाजली, पण खाली घूंऽऽ असा आवाज सतत. रेकॉर्ड प्लेअरच्या मागून अर्थची एक सुटी बारीक वायर निघते, टोकाला यू आकाराची चिमटी. प्रीअँपच्या मागे पितळी स्क्रू होता. तो सैल केला, चिमटी खाली सरकवली, पुन्हा पिळला. अण्णा आरामखुर्चीत टेकले होते, ते एकदम ताठ बसले. "अगं, तंबोरा ऐकू येतोय मागचा!" भीमसेनजींच्या अभंगांची ती एलपी त्यांनी किती वर्षं ऐकली असेल, पण मागच्या तंबोऱ्यासकट नाही. त्या दिवशी दुपारचं जेवण तासभर लांबलं आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

टीव्हीनं सगळ्यात जास्त दमवलं. हेडफोनच्या भोकातून वायर काढून जोडली की तसाच घूंऽऽ, आणि इथे स्क्रूचा प्रश्न नव्हता. एकेक वायर काढत गेले. केबलवाल्यांची गोल वायर सेट टॉप बॉक्समधून काढली की घरघर थांबायची, लावली की सुरू. अँप्लिफायरला घराचं अर्थिंग, केबलला रस्त्यावरचं त्यांचं, आणि दोन्ही टीव्हीमार्फत जोडली गेली की त्या वेढ्यात विजेचा ५० हर्ट्झचा सूर शिरतो. अशा वेळी अँप्लिफायरच्या प्लगची जाड पिन काढून टाका, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कृपा करून ते करू नका. त्या पिनेवर माणसाचा जीव असतो, विशेषतः आमच्यासारख्या दमट घरात. उलट वायरमनला बोलावून मी अर्थिंगचा खड्डा तपासून घेतला. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, तेव्हा खड्ड्यात मीठ-कोळसा आणि वेळोवेळी पाणी हवंच.

टीव्हीवरचा उपाय मात्र वेगळाच निघाला. त्याच्या मागे ऑप्टिकल आउट होता. त्यातून आवाज प्रकाशाच्या रूपानं जातो, धातूची जोडणीच नसते, म्हणून वेढा आपोआप तुटतो. पुढे डॅक नावाची डबी त्या प्रकाशाचा पुन्हा आवाज करून लाल-पांढऱ्या पिनांवर देते. जोडल्यावर काहीच ऐकू येईना तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम', म्हणजे साधा, न गुंडाळलेला करून घेतला, कारण साध्या डॅकला डॉल्बी, म्हणजे गुंडाळून पाठवलेला आवाज, उलगडता येत नाही. ब्लूटूथ मी टीव्हीसाठी टाळलं. त्यात आवाज किंचित मागे पडतो, ओठ आधी आणि शब्द नंतर, आणि अण्णा आता ओठांकडे बघूनही ऐकतात. फोनवरच्या गाण्याला तो उशीर बाधत नाही, म्हणून चौथ्या जागेवर ब्लूटूथ रिसीव्हर लावला.

एक त्रास उरला होता. रेकॉर्डवरून टीव्हीवर खुंटी फिरवली की दचकायला व्हायचं, कारण डॅक दोन व्होल्ट देतो आणि प्रीअँप त्याचा चौथा हिस्सा. काकांनी टीव्हीच्या वायरीत प्रत्येक बाजूला दोन रेझिस्टर, म्हणजे सिग्नल अडवणारे बारीक तुकडे, डकवून दिले, १० किलोओहमचा वाटेत आणि ४.७ चा आडवा. दोन व्होल्टचा सिग्नल तिसऱ्या हिश्शावर आला. पिनेच्या टोपणातच सगळं मावलं, बाहेरून कळतही नाही.

मुलांना पडवीतही स्पीकर हवे होते. ८ ओहमची दुसरी जोडी समांतर जोडली की भार ४ ओहम होतो, म्हणजे अँप्लिफायरवर ताण वाढतो. अँप्लिफायरच्या मागच्या पट्टीवर ४ चालतो असं छापलेलं बघूनच जोडली. वायर घेतली दीड चौरस मिलिमीटरची, लाल लालला आणि काळी काळीला, हे पुन्हा पुन्हा तपासत. एक उलटी झाली तर खर्ज नाहीसा होतो.

गणपतीच्या भजनाला माइक आला तो आवाजाच्या छोट्या मिक्सरमधून, अँप्लिफायरच्या दुसऱ्या, रिकाम्या इनपुटवर. माइक स्पीकरच्या मागच्या बाजूला ठेवला तर सहसा शिट्टी येत नाही.

खाऱ्या हवेशी लढा चालूच असतो. पिना हिरव्या पडतात, एका बाजूचा आवाज जातो, म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सगळ्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसते. वीज कडाडायला लागली की बोर्डाचा प्लग आणि केबलची गोल वायर, दोन्ही काढते. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

सिलेक्टरवर सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या आहेत : रेडिओ, रेकॉर्ड, टीव्ही, फोन. अण्णांचा कॅसेट डेक अजून बाकी आहे. त्याचा बेल्ट वितळून चिकट झालाय, तो चिपळूणला बदलायला दिलाय. गणपती झाले की मिक्सर निघेल आणि त्याच्या जागी डेक बसेल.