बिट लागला, पण एकाच कोअरला

"यू-बूटमध्ये आहे की तो फिक्स!" आमचा सीनियर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. यू-बूट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, कर्नलला, सुरू करणारा बूटलोडर, आणि फिक्स म्हणजे प्रोसेसरमधल्या एका दोषावरचा उपाय. सीनियरचं खरंही होतं, तरी बोर्ड पडतच होता.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. हिंजवडीतल्या लॅबमध्ये चार कोअरच्या कॉर्टेक्स-ए९ प्रोसेसरचा बोर्ड सहा-सात तास गुण्यागोविंदाने चालायचा, मग कर्नल कोसळायचा. दर वेळी वेगळ्या जागी, कुठला तरी पॉइंटर (मेमरीतला पत्ता) बिघडलेला. रॅम तपासून झाली, पॉवर सप्लाय बदलून झाला. वाकडच्या पुलाखाली अडकलेलो असताना मोबाईलवर या प्रोसेसरचा आराखडा करणाऱ्या आर्म कंपनीची एराटा, म्हणजे माहीत असलेल्या दोषांची, यादी चाळली (तेवढा वेळ तिथे मिळतोच), तेव्हा ७४३६२२ नंबरचा दोष सापडला: क्वचित प्रसंगी स्टोअर बफरमधल्या (मेमरीत लिहायचा डेटा क्षणभर थांबतो ती जागा) एका ऑप्टिमायझेशनमुळे डेटा बिघडू शकतो. उपाय साधा, कोअरमधल्या डायग्नोस्टिक रजिस्टरचा ६ नंबरचा बिट लावायचा, म्हणजे १ करायचा.

कर्नलमध्ये त्याचा पर्याय आहे, पण मल्टिप्लॅटफॉर्म (एकच कर्नल अनेक चिपवर चालेल असा) बिल्ड केला की तो दिसेनासा होतो. कारण पटण्यासारखं आहे. कर्नल प्रोसेसरच्या नॉन-सिक्युअर (कमी अधिकारांच्या) बाजूला चालत असेल तर त्या रजिस्टरवर लिहिताक्षणी तो मरतो, आणि इतक्या लवकर की कन्सोलवर एक ओळही उमटत नाही. म्हणून ते काम बूटलोडरने करायचं.

शेवटी मी चारही कोअरवर ते रजिस्टर वाचलं. शून्य नंबरच्या कोअरवर बिट होता. बाकी तिघांवर नाही! यू-बूट चालतो एकाच कोअरवर. उरलेले तीन कर्नल उठवतो, थेट स्वतःच्या कोडमध्ये. आमच्या सोसायटीत पाणी बंदची नोटीस फक्त ए विंगच्या लिफ्टमध्ये लागते, तसलाच प्रकार.

आय.एमएक्स६ या चिपच्या कर्नल कोडमध्ये यावर फार सुंदर तोड आहे: पहिल्या कोअरचं रजिस्टर वाचायचं आणि बाकीचे उठताना त्यांच्यात जसंच्या तसं भरायचं. कुठला दोष, कुठला बिट, याची कर्नलला फिकीरच नाही. आमचा कर्नल सिक्युअर बाजूलाच चालतो, म्हणून मी तीच युक्ती उचलली.

सीनियर खूश. अमृततुल्यात चहा-क्रीमरोल त्याच्याकडून. दुसऱ्या दिवशी बोर्ड झोपवून उठवला आणि तासाभरात परत कोसळला. कोअरची वीज गेली की बिटही जातो, आणि जागं होताना यू-बूट मध्ये येतोच असं नाही.

६४-बिट आर्मवर हे दुखणं बरंच कमी आहे. तिथे ट्रस्टेड फर्मवेअरचा (सिक्युअर बाजूला चालणाऱ्या कोडचा) रिसेट हँडलर प्रत्येक कोअर उठताना चालतो. असले बिट लावायला तीच जागा. पण सगळेच दोष असे जात नाहीत. कॉर्टेक्स-ए५३चा ८४३४१९ नंबरचा दोष घ्या: मेमरीतल्या ४ केबी पानाच्या शेवटच्या दोन जागांवर आलेली, पत्ता काढणारी एडीआरपी सूचना चुकीचा पत्ता देऊ शकते. तो लिंकरलाच (कोडचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामला) टाळावा लागतो, कर्नल आणि बूटलोडर दोघांनी आपापल्या बिल्डमध्ये.

जागं होण्याच्या वाटेतही आता मी तो बिट भरतो. बोर्ड माझ्या टेबलावर दर दोन मिनिटांनी झोपतोय, उठतोय. प्लगवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'हात लावू नये.'