एक तुझं, एक माझं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या शिक्षकांविषयी बरेच जण लिहितील, आणि लिहायलाच हवं. मला लिहायचंय ते बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राविषयी आणि आम्ही दोघांनी मिळून भरलेल्या कॅसेट्सविषयी.

१९८७ साली आम्ही नववीत होतो. तो सोलापूरच्या पूर्व भागातला, कन्ना चौकाच्या पलीकडचा. घरी तेलुगू, आणि दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट. मी बाळीवेशीतला. आमच्याकडे सकाळी अभंग, रविवारी नाट्यगीतं. मधल्या सुट्टीत तो कुठलीशी तेलुगू चाल बाकावर बोटांनी वाजवत बसला होता. “काय बे, कुणाचं गाणं?” म्हणून विचारलं, तर दुसऱ्या दिवशी दप्तरातून तेलुगू गायक घंटसालांची कॅसेटच घेऊन आला. मी त्याला भीमसेनजींची संतवाणी दिली. देवाणघेवाण तिथून सुरू झाली.

मग दोघांची मिळून एक कॅसेट करायचं ठरलं. नियम एकच : एक तुझं, एक माझं, आणि न ऐकता ‘नको’ म्हणायचं नाही. कोरी कॅसेट साठचीच घ्यायची. नव्वदच्या कॅसेटची पट्टी पातळ असते, ती प्लेअरमध्ये लवकर गुंतते. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. चार-चार मिनिटांची सात गाणी बसायची. सात म्हणजे विषम, म्हणून ए बाजूला त्याची चार आणि माझी तीन, तर बी बाजूला उलट. हा हिशोब त्याने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. त्या पानावर प्रत्येक गाण्याची मिनिटं-सेकंदं असायची आणि कुठल्या गाण्यानंतर कुठलं, याचे बाण. तो क्रम लावण्यात आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. संथ गाण्याला लगेच संथ गाणं जोडायचं नाही, हे त्याचं म्हणणं. माझं म्हणणं, अभंगानंतर क्षणभर शांतता हवी, म्हणून तिथे पट्टी थोडी कोरीच पळू द्यायची. आजही मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं.

भीमसेनजींचं कन्नड दासपद, म्हणजे हरिदासांचं भक्तिगीत, कुणाच्या वाट्याचं, यावर मात्र अडलं. गायक माझा, पण भाषा माझीही नाही आणि त्याचीही नाही. शेवटी मागच्या बाकावरच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मित्राने ते आपल्या खात्यात घेतलं आणि आमच्यात सामील झाला.

गाणी मिळवायची कुठून? विकत घेतलेल्या कॅसेट्स थोड्या, बाकी रेडिओ. रात्री मीडियम वेव्हच्या लहरी लांबवर जातात, त्यामुळे अंधार पडला की हैदराबाद केंद्र सोलापुरात छान लागायचं. तो रेकॉर्डचं बटण दाबून, पॉज धरून बसायचा. निवेदकाचं वाक्य संपलं रे संपलं की पॉज सोडायचा. सुरुवातीचा एक स्वरही त्याच्या हातून सुटत नसे. अशी नजर आणि असं बोट मी पुढे स्टुडिओतल्या माणसांकडेही फार पाहिलं नाही.

सात गाण्यांनंतर बाजूच्या शेवटी दोनेक मिनिटं उरायची. ती काय म्हणून वाया घालवायची? ए बाजूच्या शेवटी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या. बी बाजूसाठी त्याच्या अम्मांना विचारलं. त्यांच्याकडे बतुकम्माच्या सणाला फुलांची रास रचून बायका भोवती फेर धरतात, त्यातलं गाणं हवं होतं. पण मागाच्या आवाजात माइकला काही ऐकूच जाईना. एका संध्याकाळी वीज गेली आणि सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. त्याने टू-इन-वनमध्ये, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये, सेल घातले. अम्मा लाजत होत्या. मग उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि एकट्याच टाळ्या देत फेर धरून गायल्या. शेजारच्या दोघी दारातूनच सूर मिसळू लागल्या. सेल उतरत आले होते, त्यामुळे भरताना पट्टी हळू फिरली. विजेवर लावली की अम्मांचा आवाज अजूनही जरा लहान मुलीसारखा, उंच पट्टीत येतो. अम्मांना तो ऐकायला फार आवडायचा.

आज आजी नाहीत, अम्माही नाहीत. त्यांचा आवाज जपलेली दुसरी कुठलीच वस्तू आमच्या दोन घरांत नाही. गेल्या वर्षी त्या कॅसेट्स आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या. गाणी आता कुठेही मिळतात, ती गेली तरी चालतील. पण ती चार मिनिटं आधी उतरवा, असं त्या तंत्रज्ञाला आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं.

गाण्यांची देवाणघेवाण अजून चालू आहे, आता फोनवर. नियम तोच. सुवर्णमहोत्सवी मेळाव्याला आम्ही दोघंही येतोय, सोबत कॅसेट प्लेअर घेऊन. तो चालू स्थितीत आहे. वर्गातल्या कुणाकडे त्या वेळची भरलेली कॅसेट असेल, तर घेऊन या. घरच्या कुणाचा आवाज तिच्यात असेल, तर नक्कीच आणा. ती उतरवून द्यायचं काम आमच्याकडे.