तुम्ही विचारलंत म्हणून: देव जवळ आहे हे रोज जाणवतं का?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा बसून लिहूनच टाकावं म्हटलं. प्रार्थनासभा संपल्यावर खुर्च्या आवरता आवरता कुणीतरी विचारतं, रात्री उशिरा मेसेज येतो, आणि एकदा तर ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका बाईंनी विचारलं, त्या ख्रिस्ती नाहीत पण घरात मोठं आजारपण चालू होतं, की तुम्ही लोक म्हणता ना देव आमच्यावर प्रीती करतो, आमच्याबरोबर असतो, मग ते तुम्हाला रोज जाणवतं का हो? खरं सांगा हां. तेवढ्यात त्यांचा मजला आला आणि त्या उतरून गेल्या, त्यामुळे उत्तर राहूनच गेलं.

तर खरं सांगते. रोज नाही जाणवत. बहुतेक दिवस नाहीच जाणवत. सकाळी बायबल उघडते, डोळे ओळींवरून फिरतात आणि डोकं दहाच्या मीटिंगमध्ये असतं, प्रार्थनेला बसावं तर नावांची यादी वाचून आमेन म्हटल्यासारखं होतं, कधी कधी आमेनच्या आधी डुलकी लागते. अधूनमधून एखादं गाणं म्हणताना नाहीतर प्रभुभोजनाच्या वेळी गळा दाटून येतो, नाही असं नाही, आणि ते क्षण मला प्रिय आहेत. पण देव माझ्याबरोबर आहे हे मी त्या क्षणांच्या भरवशावर म्हणत नाही. तसं असतं तर माझा विश्वास वर्षातून जेमतेम आठवडाभर टिकला असता.

मग कशाच्या भरवशावर? त्याने सांगितलंय म्हणून. हे फार सोपं, शाळकरी उत्तर वाटतं हे मला माहितीये, पण थोडं थांबा.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट काढा, २८वा अध्याय. येशूचं पुनरुत्थान झालंय, म्हणजे तो मेलेल्यांतून उठलाय, अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर गेलेत, समोर प्रभू उभा आहे. आणि तिथे मत्तय एक वाक्य लिहितो जे आपण नेहमी घाईत वाचून पुढे जातो, की त्यांनी त्याला नमन केलं, पण काहींना संशय वाटला. समोर उभा असताना! हाताला भोकं दिसत असताना! आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की पुढे येशू असं म्हणत नाही की ज्यांना संशय आहे त्यांनी बाजूला व्हा, आधी मनाची तयारी करून या. तो सगळ्या अकरा जणांना मिळून एकच काम देतो आणि एकच वचन देतो, की युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. म्हणजे ते वचन संशय वाटणाऱ्यांनाही तेवढंच मिळालं. त्या दिवशी कुणाच्या मनात काय चाललं होतं यावर ते वाढलं नाही की कमी झालं नाही. आणि सर्व दिवस म्हणजे त्यात मंगळवारही आला, अंगात कणकण असलेला आणि काम तुंबलेला.

आता कुणी म्हणेल वचन ठीक आहे हो, पण आयुष्य उलट दिशेला चाललेलं असतं तेव्हा काय? तेव्हा मी बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या योसेफाकडे जाते. संडे स्कूलमध्ये आपल्याला रंगीत झगा आणि स्वप्नं तेवढी शिकवतात आणि मधला भाग पळवतात, पण खरा मजकूर मधेच आहे. सतरा वर्षांचा मुलगा, सावत्र भावांनी खड्ड्यात टाकला आणि वीस रुपयांना (म्हणजे चांदीच्या नाण्यांना) विकला. तो खड्ड्यातून ओरडला का, रडला का, ३७व्या अध्यायात काहीच नाही. ते आपल्याला कळतं वीसेक वर्षांनी, ४२व्या अध्यायात, तेही भावांच्याच तोंडून, की तो काकुळतीला येऊन विनवत होता आणि आपण ऐकलं नाही. भावांनी ऐकलं नाही, आणि त्या घडीला आकाशातूनही कुणी उत्तर दिलं नाही.

पुढे मिसरात (म्हणजे इजिप्तमध्ये) पोटीफर नावाच्या अधिकाऱ्याच्या घरी नोकर. तिथे उत्पत्तीत वाक्य येतं, परमेश्वर योसेफाबरोबर होता. छान, आपल्याला वाटतं आता दिवस पालटणार. तर पोटीफराच्या बायकोने खोटा आळ घेतला आणि तो तुरुंगात. आणि तुरुंगात गेल्यावर पुन्हा तेच वाक्य, परमेश्वर योसेफाबरोबर होता. घरात जे वाक्य होतं तेच तुरुंगात. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला रागच आला होता, म्हटलं बरोबर होता तर मग आत जाऊच कसं दिलं? तो राग पूर्ण गेलाय असंही नाही. पण त्या वाक्याने माझ्या डोक्यातलं एक समीकरण मात्र कायमचं मोडलं, की देव बरोबर आहे म्हणजे गोष्टी सुरळीत होणार आणि गोष्टी बिघडल्या म्हणजे देव निघून गेला.

अजून एक बघा. अब्राहामाशी देव बोलला, इसहाकाशी बोलला, याकोबाशी तर कितीदा बोलला. योसेफाशी सबंध गोष्टीत एकदाही थेट बोलत नाही. स्वप्नं पडतात, दुसऱ्यांच्या स्वप्नांचे अर्थ कळतात, पण ‘योसेफा, मी आहे रे’ असा आवाज एकदाही नाही. तुरुंगात प्यालेबरदाराला (राजाला प्याला देणाऱ्या नोकराला) स्वप्नाचा अर्थ सांगून हा विनवतो की बाहेर गेल्यावर माझी आठवण ठेव, आणि तो विसरतो. पुढचा अध्याय उघडतो तो कसा, तर दोन वर्षं लोटल्यावर. त्या दोन वर्षांबद्दल एक ओळ नाही. रोज सकाळी उठायचं, कैद्यांचं बघायचं, झोपायचं. फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा वय तीस. म्हणजे तेरा वर्षं. आणि देवाने ते चांगल्यासाठी योजलं होतं हे वाक्य, जे आपण लोकांच्या दुःखात दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ते योसेफ म्हणतो ५०व्या अध्यायात, बाप वारल्यानंतर, सगळं मागे पडल्यावर. खड्ड्यात असताना त्याला कुणी ते सांगितलं नव्हतं. सांगायलाही नको होतं.

याच्यावरून माझी जुनी तक्रार, ती करूनच घेते. चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की आपल्याकडे सगळं गोड शेवटाचंच लागतं. पार्किंग मिळालं, देवाची कृपा. प्रमोशन झालं, देवाची कृपा. आभार मानायला माझी ना नाही, पार्किंगबद्दलही माना, पण मागच्या बाकावर ज्याची नोकरी गेलीये तो बसलेला असतो आणि तो मनात हिशेब करत असतो की मग माझ्यावर कृपा नाही का. आणि त्याहून वाईट म्हणजे तुझा विश्वास कमी पडला म्हणणारे. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. तोंड उघडलं आणि बिघडवलं. शेवटी देव त्यांच्यावर चिडतो आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. आणि ईयोब काय बोलला होता? पानंच्या पानं भांडला होता!

माझं स्वतःचं सांगायचं तर भावाच्या ऑपरेशनची रात्र. आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये स्टीलच्या खुर्च्यांवर. लहानपणापासून पाठ असलेलं २३वं स्तोत्र म्हणायला घेतलं आणि मधेच अडकले, पुढची ओळ आठवेचना. फोनमध्ये बघावं तर बॅटरी संपत आलेली. शांती-बिंती काही वाटत नव्हती, पोटात गोळा होता आणि एसीचा आवाज ऐकू येत होता, बास. मध्यरात्रीच्या सुमाराला आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक काका आले. प्रार्थनेला उभे राहिले की अडखळणारे, कधी कुणाला वचन-बिचन सांगणारे नव्हेत. त्यांनी खिशातून चार्जर काढला, म्हणाले ही पिन तुझ्या फोनला बसते का बघ, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. दहा मिनिटांत तोंड उघडं टाकून घोरायला लागले. सकाळपर्यंत तिथेच होते.

भाऊ वाचला. समोरच्या बाकावर जे कुटुंब होतं त्यांचा माणूस नाही वाचला, आणि त्याच्यासाठीही कुणीतरी तेवढीच कळकळून प्रार्थना केली असणार. म्हणून भाऊ वाचला याच्यावरून मी देवाचं प्रेम सिद्ध करायला जात नाही, तसं केलं तर त्या कुटुंबापुढे मला तोंड दाखवता येणार नाही. काकांना देवानेच पाठवलं का? मला वाटतं हो. त्या रात्री वाटलं होतं का? अजिबात नाही, त्या रात्री फक्त पिन बसली याचं बरं वाटलं.

मग प्रेम सिद्ध कशावरून? पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, याचं उत्तर देतो आणि ते माझ्या आयुष्यातून देत नाही, हे फार बरं आहे. तो म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, यात देव आपल्यावरची स्वतःची प्रीती दाखवून देतो. म्हणजे पुरावा माझ्या रिपोर्टमध्ये नाही, बँक बॅलन्समध्ये नाही, आज सकाळी प्रार्थनेत मन लागलं का यात तर नाहीच. तो यरुशलेमेबाहेर वधस्तंभावर एकदाच देऊन झालाय, आणि माझा आजचा दिवस कसाही गेला तरी तो मागे घेता येत नाही. बरं, त्या वधस्तंभावरून येशूने काय म्हटलं? माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. २२व्या स्तोत्राची पहिली ओळ. देव दूर गेलाय असं वाटणं काय असतं हे ज्याला स्वतःला ठाऊक आहे त्याच्याशी मी बोलते, त्यामुळे माझी कोरडी प्रार्थना त्याला नवीन नाही.

योहानाच्या पहिल्या पत्रातलं एक वचन मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चिकटवून ठेवलंय, तिसऱ्या अध्यायातलं, की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. माझ्यासारख्या सारखी स्वतःची नाडी बघत बसणाऱ्या बाईला हे वचन म्हणजे औषध आहे. आज विश्वास किती, काल किती होता, अमक्या ताईंचा किती आहे. अगं, थोर कोण? तुझं मन की देव?

आणि हे फक्त आमच्यासारख्या साध्या लोकांचं असतं असं समजू नका. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या, त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती नष्ट करावीत अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. त्यात दिसतं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत देव जाणवतच नव्हता, कोरडेपणा, अंधार. पेपरांतून तेव्हा चर्चा झाली की बघा, यांचा विश्वासच नव्हता. मला उलट वाटलं. पन्नास वर्षं जाणवत नसताना रोज पहाटे उठून त्याच्यासमोर बसायचं आणि मग रस्त्यावरून माणसं उचलायला जायचं, याला विश्वास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

मी काय करते, असंही विचारता तुम्ही. फार काही नाही. ईमेल उघडायच्या आधी एक वाक्य, प्रभू, तू इथे आहेस, बास, डोळे मिटून वगैरे नाही. अवघड माणसाचा फोन आला की उचलायच्या आधी त्याचं नाव घेऊन एक वाक्य. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून होते, त्यांना स्वयंपाकघरात काम दिलेलं आणि त्यांना ते मनापासून नावडतं, पण भांडी-बिंडी करतानाही ते देवाशी बोलत राहायचे, मी त्यांचीच नक्कल करते म्हणा. रात्री झोपताना दिवस उलटा आठवते, कुठे चिडले, कुणी मदत केली, कुठे वाचले. दिवसभर न दिसलेलं कधी कधी तिथे दिसतं. नाही दिसलं तर झोपते. झोपणं हीसुद्धा विश्वासाचीच गोष्ट आहे, आपण डोळे मिटल्यावर जग चालवायला दुसरा कुणी आहे हे मान्य केल्याशिवाय झोप येत नाही. आणि रविवारी मंडळीत जाते, मूड नसला तरी, कारण माझ्याने गाणं म्हणवत नसेल त्या दिवशी शेजारची म्हणत असते आणि मी नुसती उभी राहिले तरी चालतं.

आता राहिला तो नेहमीचा उपप्रश्न, विशेषतः तरुण मुलं विचारतात, की ताई, काहीच वाटत नसताना प्रार्थना करणं म्हणजे ढोंग नाही का? नाही. ढोंग म्हणजे वाटत नसताना वाटतंय असं दाखवणं. वाटत नाहीये हे देवालाच सांगणं म्हणजे प्रार्थना. मार्कच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप एका दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि येशू मुलाला बरं करतो, आधी विश्वास पूर्ण करून आण असं म्हणत नाही. शब्दच सुचत नसतील तर ८८वं स्तोत्र काढा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात आणि स्तुतीवर येतात, हे येत नाही, तक्रारीतच संपतं, आणि तरी कुणी ते बायबलमधून काढून टाकलं नाही. अठराच वचनं आहेत. मोठ्याने वाचलं तरी पाच मिनिटं लागत नाहीत, आणि वाचून झाल्यावर पुढे काही म्हणायला पाहिजेच असंही नाही.