खालचं घुग्घुस

चंद्रपूर म्हटलं की पुण्यात सगळ्यांना ताडोबाच आठवतं. वाघ दिसला का, सफारीचं बुकिंग कधी उघडतं, हेच. मी सांगते की बाई आमच्याकडे कोळसा होता, वाघ आम्हीपण पेपरातच पाहायचो (आता दुर्गापूरकडे खाणीच्या वस्तीतच बिबटे फिरतात म्हणे, तो विषय वेगळा). कोळसा म्हटलं की समोरचीचा चेहरा पडतो. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

मी घुग्घुसची. चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटर, वर्धा नदीच्या अलीकडे, पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. इंग्रजांच्या काळापासून इथे कोळसा निघतो. बाबा खाणीत लागले तेव्हा ठेकेदारी होती, मग 1 मे 1973 ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, बाबा त्याला नुसतं 'सरकारी झालं' म्हणतात. सरकारी झालं म्हणजे काय, तर पगाराची तारीख ठरली, क्वार्टर मिळालं, आणि दसऱ्याच्या आधी बोनस. मी त्या क्वार्टरमधली, म्हणजे मला आधीचं काही माहीत नाही, पण आजी सांगायची की आधीच्या दिवसांत किराणावाल्याच्या वहीत आमचं पान कधी संपायचंच नाही.

घड्याळ घरात होतं पण ते कोणी बघायचं नाही. भोंगा व्हायचा. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री बारा. आई भोंग्यावर कुकर लावायची आणि बाबांची नाईट असली की दिवसभर आम्हाला श्वास पण हळू घ्यावा लागायचा, कारण बाबा झोपलेले. बाजूच्या क्वार्टरमध्ये सेकंड शिफ्ट, त्याच्या पलीकडे फर्स्ट, म्हणजे आमच्या लाईनीत कोणी ना कोणी कायम झोपलेलंच असायचं, आणि पोट्ट्यांनी ओरडून क्रिकेट खेळायची जागा शोधत शोधत पार रेल्वे सायडिंगपर्यंत जावं लागायचं.

बाबा अंडरग्राउंडला होते, मायनिंग सरदार, म्हणजे खाली कामगारांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारे. घरी आले की बाहेरच्या नळावर तासभर आंघोळ, लाईफबॉयची वडी आठवड्यात संपायची. सगळं निघायचं, पापण्यांच्या कडेचं मात्र निघायचं नाही. तिथे काळी बारीक रेघ राहायचीच, काजळ घातल्यासारखी. लग्नाच्या अल्बममध्ये बाबा सूट घालून उभे आहेत आणि डोळ्यात काजळ, नवरीपेक्षा जास्त. माझी पुण्याची नणंद तो फोटो पाहून हसली होती, मला तेव्हा राग आला होता, आता नाही येत.

दुसरी आठवण म्हणजे पँटची भोकं. टोपीवरच्या दिव्याची बॅटरी कमरेच्या पट्ट्याला मागे लटकवलेली असायची आणि त्यातलं ॲसिड थोडं थोडं झिरपायचं. त्यामुळे बाबांच्या सगळ्या ड्यूटीच्या पँटांना मागे कमरेखाली एकाच जागी भोकं. कडा पिवळट, आणि बोट लावलं की कापड भुगा होऊन पडायचं. आई आतून ठिगळ लावायची, पंधरा दिवसांनी ठिगळाला भोक. शेवटी तिने जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवून दिला. ते डोकं तिचं, पण लाईनीतल्या सगळ्या बायकांनी उचललं.

आता सिगडी. कामगारांना घरी जाळायला कोळसा मिळायचा, त्यामुळे गॅस खूप उशिरा आला. संध्याकाळी प्रत्येक दारासमोर एक एक सिगडी, खाली गोवरीचे तुकडे, वर लहान कोळसा, चमचाभर घासलेट, आणि मग धूर. पिवळा, जाड, गंधकाच्या वासाचा. तो संपेपर्यंत सिगडी आत न्यायची नाही हा कायदा होता, लाल निखारा झाला की मगच आत. थंडीत तर दार लावून सिगडी ठेवली म्हणून शिव्या खाल्लेल्या आठवतात, 'गॅस लागून मरतीन सगळे' असं आजी ओरडायची, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या निखाऱ्यावरच्या भाकरीची आणि भाजलेल्या वांग्याची चव इंडक्शनवर येत नाही, ट्राय करून झालं.

उन्हाळ्यात कुरडया हा एक स्वतंत्र वैताग. पारा पंचेचाळीसच्या वर, म्हणजे दोन दिवसांत कडकडीत वाळायच्या, पण वरून धूळ. आई मच्छरदाणी टाकायची, तिच्यावर जुनं लुगडं, तरी तळताना कुरडई करड्या रंगाची. मावशी वर्ध्याहून यायची तेव्हा आई बाजारातून विकतच्या आणायची आणि घरच्या म्हणून वाढायची. मावशीला माहीत होतं असा माझा संशय आहे.

शेजारी अक्का. करीमनगरकडच्या. घुग्घुसमध्ये तेलुगू माणूस इतका की आम्ही तेलुगू शिव्या आधी शिकलो आणि मराठी नंतर. नवरात्राच्या आसपास त्यांचं बतुकम्मा असायचं, थाळीत फुलांचा थरावर थर लावून उंच ढीग, आणि त्याभोवती टाळ्या वाजवत फेर. आम्ही सगळ्या पोरी त्यात, गाण्यातलं अक्षर कळायचं नाही, शेवटचा शब्द तेवढा जोरात म्हणायचो. छत्तीसगढचे, बिहारचे, यूपीचे पण होते. त्यामुळे आमची भाषा म्हणजे 'काय करून राहिला बे, चल ना जल्दी' अशी, पुण्यात पहिलं वर्ष मी तोंडच उघडलं नाही.

मला खाली जायचं होतं. विश्वकर्मा पूजेला, 17 सप्टेंबरला, गेट सगळ्यांसाठी उघडायचं, मशीनला हार, बुंदीचा प्रसाद, लॅम्प रूममध्ये चार्जिंगला लावलेल्या दिव्यांच्या रांगा. हॉलेजचं, म्हणजे कोळशाचे डबे दोराने ओढणाऱ्या मशीनचं, मोठं चाक पाहिलं, त्याचा दोर इन्क्लाइनच्या, खाली जाणाऱ्या उतरत्या बोगद्याच्या, अंधारात उतरत गेलेला पाहिला. तिथून थंड, ओली हवा वर यायची. भाऊ एकदा बाबांच्या साहेबांना मस्का मारून थोडं खाली जाऊन आला. मला नाही. 1952 च्या खाण कायद्यात बायकांना जमिनीखाली कामाची बंदीच होती, ती 2019 मध्ये थोडी सैल झाली, तीही सुपरवायझर-टेक्निकलसारख्या कामांना, दिवसाच्या वेळेत. मी काही काम मागत नव्हते, पण 'पोरींनी नाही जायचं' हे लहानपणी एवढंच वाक्य असायचं.

मग बाबांनी मला घरीच खाण दाखवली. फरशीवर काडेपेट्या मांडल्या, मध्ये बोटभर जागा सोडून ओळीने, आणि वर लोकसत्ता पसरला. पेट्या म्हणजे पिलर, कोळशाचेच, मुद्दाम सोडलेले. मधल्या गल्ल्यांतून कोळसा काढून नेलेला. पेपर म्हणजे छत. 'आणि पेपरवर आपण,' बाबा म्हणाले. मग एक एक पेटी काढायला लागले, यालाच डिपिलरिंग म्हणतात, शेवटी पिलरपण काढून घ्यायचे आणि छत मागून बसू द्यायचं. लोखंडापेक्षा लाकडाचा टेकू बरा असंही तेव्हाच कळलं, कारण लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं, पळायला वेळ देतं. लोखंड सांगत नाही. मी सात-आठ वर्षांची असेन, रात्री पलंगाखाली कान लावून झोपायचे, काही कुरकुरतं का ऐकायला. दुपारी ओपनकास्टला, म्हणजे वरून खोदायच्या उघड्या खाणीत, ब्लास्टिंग झालं की मांडणीवरची भांडी थरथरायची, तेव्हा तर मला खात्रीच वाटायची की गेलं आता.

2022 च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात खरंच एक अख्खं घर जमिनीत गेलं. माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. टीव्हीवर तो खड्डा दाखवत होते, आजूबाजूची घरं रिकामी करत होते, खाली जुनी अंडरग्राउंड खाण आहे वगैरे. माझ्या ओळखीच्या गल्ल्या, मी रडकुंडीला आलेली. बाबा तेव्हा आमच्याकडे पुण्यात होते. त्यांनी आवाज कमी करायला लावला, चष्मा घातला, नातवाच्या वहीचं मागचं पान फाडलं आणि पेन्सिलीने रेघा ओढायला लागले, इथे इन्क्लाइन, इथून डावीकडे, इथे पाणी यायचं. मग घुग्घुसला त्यांच्या जुन्या जोडीदाराला फोन लावला आणि दोघांचं तासभर भांडण, ते घर नेमकं कुठल्या गल्लीच्या वर होतं यावर. जोडीदार म्हणे तिथे आपण कधी गेलोच नव्हतो. बाबा म्हणे तू नाईटला झोपायचास, तुला काय माहीत बे.