तुमचं पुस्तक कुठे मिळेल?

मंचावर कविता म्हणण्याचा माझा कार्यक्रम संपला की कुणीतरी गाठतंच, "सर, तुमचं पुस्तक कुठे मिळेल?" काढलेलंच नाही म्हटलं की समोरच्याला मीच बिचारा वाटतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

वाचणारा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याची निसटली की गेलीच. म्हणून मी ओळी घोळवतो, फिरून आणतो. कागदावर तेच पाल्हाळ दिसतं. हा काही माझा शोध नव्हे. शाहिरांनी ध्रुवपद उगाच ठेवलं नाही. राम जोशी आमच्या सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे. शिकागोत १९८०च्या दशकात मार्क स्मिथनं पोएट्री स्लॅम, म्हणजे मंचावर कविता म्हणण्याची स्पर्धा, सुरू केला. तिथेही कविता ऐकायचीच असते, आणि प्रेक्षकांतलेच लोक गुण देतात. स्लॅम मला आवडतो, पण गुणांपायी शेवटी सगळेच ओरडायला लागतात, ते नाही झेपत.

खरी अडचण वेगळीच आहे. माझी यंत्रमागाची एक कविता आहे. पुण्यात म्हणताना कांडी भरणं म्हणजे आडव्या धाग्याचं सूत कांडीवर गुंडाळणं, हे दोन ओळींत सांगावं लागतं. सोलापुरात विणकरांच्या अशोक चौकात त्या ओळी म्हटल्या तर लोक हसतील. घरी तेलुगू, बाहेर मराठी बोलणारी ही माणसं मागावरच वाढलेली. एकदा पुढच्या रांगेतल्या मावशींनी मला मध्येच थांबवलं. "धोटा असा नाही जात हो," म्हणत त्यांनी कांडी घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा हातानं करून दाखवला. ती ओळ तिथल्या तिथे बदलली. आता छापायची कुठली कविता?

बाकी धंदा हंगामी. डिसेंबरात गॅदरिंग, एप्रिलमध्ये जयंत्या, मग थेट गणपती. मधल्या काळात शाळांतल्या कार्यशाळा तारतात. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी सोलापुरात तारीख मागू नका, सगळं गाव होम मैदानावर असतं. माईकवाल्याला मात्र मी तासभर आधी जाऊन भेटतो. त्यांना गाण्याची सवय, आवाजात एको सोडून देतात. मग 'भाकर' म्हटलं की 'कर कर कर' ऐकू येतं. "दादा, एको पूर्ण काढा," एवढं पटवायला एक चहा लागतो.

शाल-श्रीफळ सगळीकडे मिळतं. पाकीट मिळेलच असं नाही आणि एसटीत शाल चालत नाही. तेव्हा पुस्तक नाही, पण बोलवा, येतो. मानधनाचं तेवढं फोनवरच ठरवू.