गझिबो पडत नाही, उडतो

वादळात गझिबो, म्हणजे अंगणातला खांबांवर उभा छपराचा मंडप, मोडला की पहिली चर्चा खांबांच्या जाडीची होते. खांब जाड असून उपयोग नाही, ते खाली कशाला धरलेले होते ते बघायला हवं. वारा छपरावरून वेगाने सरकतो तेव्हा वरचा दाब कमी होतो, आणि खालून शिरलेला वारा छपराला वर रेटतो. म्हणून आधी वाऱ्याकडचे दोन खांब जमीन सोडतात आणि मग सगळा सांगाडा पलीकडे उलटतो.

जोर किती असतो? ३ बाय ३ मीटरच्या छपरावर ताशी ४० किलोमीटरचा वारा ढोबळमानाने ७० किलोंचा जोर लावू शकतो. ताशी ६० ला तो दीडशेच्या वर जातो, ताशी ८० ला पावणेतीनशेच्या घरात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे बहुतेकांच्या हिशेबात नसतं. छपराचा उतार आणि आकार यांनुसार आकडे कमीजास्त होतील, पण ४०-५० किलोंचा सांगाडा स्वतःच्या वजनावर टिकणार नाही, एवढं यातून कळतं. चारही पायांना २० लिटरचे पाण्याचे कॅन बांधले तर ८० किलो झाले असं वाटतं. पण उलटताना सगळा ताण वाऱ्याकडच्या दोन पायांवर येतो, म्हणजे कामाला येणारे कॅन दोनच. घडीच्या गझिबोला दुपारपुरते ते ठीक आहेत. रात्रभर उभा ठेवायचा असेल तर नाहीत.

कायमच्या गझिबोला काँक्रीटचा पाया हवा. प्रत्येक खांबाखाली ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा भरला तर सुमारे २२० किलोंचा ठोकळा तयार होतो. खड्डा तळाशी थोडा रुंद खणला तर आजूबाजूची मातीही त्याला दाबून धरते. बोल्ट ओल्या काँक्रीटमध्येच बसवायचे असतील तर बेसप्लेटच्या (खांबाच्या तळाच्या लोखंडी पट्टीच्या) भोकांप्रमाणे प्लायचा साचा करून त्यात अडकवा, नाहीतर काँक्रीट घट्ट होईपर्यंत ते हमखास हलतात. निदान सात दिवस पाणी मारा आणि तोवर खांब उभे करू नका. पायाचा माथा जमिनीच्या किंचित वर आणि बाहेर उतरता ठेवा. बेसप्लेटभोवती पाणी साचलं की पोकळ लोखंडी खांब आतून गंजत जातो, आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. लाकडी खांब थेट मातीत किंवा काँक्रीटमध्ये पुरू नका, तो जमिनीच्या रेषेवरच कुजतो. लोखंडी बुटात बसवून खाली २-३ सेंटिमीटर फट सोडा.

फरशीवर बोल्ट मारणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ६० बाय ६० ची, ५ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची फरशी जेमतेम ४३ किलोंची असते. गझिबो उठला की तीही बोल्टसकट वर येते. खाली सलग, किमान १० सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट असेल तरच १० किंवा १२ मिलिमीटरचे अँकर बोल्ट वापरा आणि काठापासून निदान १० सेंटिमीटर आत राहा, नाहीतर कड फुटते. बेसप्लेटला चार भोकं दिलेली असतात ती चारही वापरायला. दोन बोल्टवर भागवू नका. भोक पाडल्यावर ब्रश फिरवून, हवा मारून धूळ काढा. केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेले बोल्ट) सुटतात त्यामागे बहुतेक वेळा हीच धूळ असते.

पाया पक्का झाला की दुबळा दुवा वर सरकतो. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात ४५ अंशांत तिरपे आधार लावा, निदान ४५-६० सेंटिमीटर लांबीचे. ते नसतील तर चौकट वाऱ्यात झुलते आणि प्रत्येक झोक्यागणिक नट सैल होत जातात. म्हणून साध्या नटऐवजी नायलॉनचं कडं असलेले लॉक नट वापरा. पॉलिकार्बोनेटचे पत्रे असतील तर स्क्रूखाली रुंद रबरी वॉशर हवेच, कारण वारा पत्रा फाडत नाही, स्क्रूच्या डोक्यावरून ओढून काढतो.

दोर बांधायचे तर खांबाच्या माथ्याला बांधा, कापडी छताच्या कड्यांना नको. दोर पॉलिस्टरचा घ्या. नायलॉन भिजलं की ताणलं जातं आणि ऐन पावसात सैल पडतं. मेख ६० सेंटिमीटर लांब, डोकं गझिबोपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोकलेली. माती भिजून मऊ झाली की मेखेचीही पकड जाते, म्हणून जमिनीत फिरवून बसवायचे मळसूत्री अँकर बरे. दोराऐवजी रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) चपटा पट्टा असेल तर त्याला एक पीळ द्या, वाऱ्यात गुणगुणणं आणि थरथरणं थांबतं.

पडद्यांबाबत आमचं मत कडक आहे: वादळाचा अंदाज असेल तर ते काढून ठेवा. वाऱ्याकडची बाजू उघडी आणि बाकीच्या बंद, ही स्थिती सगळ्यात वाईट. आत हवा कोंडते आणि छताला फुग्यासारखं वर ढकलते. कापडी छतही उतरवा. नुसत्या सांगाड्यावर वाऱ्याला धरायला फारसं काही उरत नाही. छत ठेवलंच तर ते ताठ हवं. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी १० किलो होतात.

आडोसा म्हणून भरीव भिंत उभारू नका, तिच्यामागे वारा भोवऱ्यासारखा फिरतो. अर्धी हवा जाऊ देणारं कुंपण किंवा जाळी जास्त कामाची. घराचा कोपरा आणि दोन भिंतींमधली बोळ या जागा टाळा, तिथे वारा निमुळता होऊन वेग घेतो.

वादळ ओसरल्यावर खांबांच्या तळाशी दोन्ही कर्ण टेपने मोजा आणि प्रत्येक खांबाला ओळंबा लावा. कर्णांतला फरक आधीपेक्षा वाढला असेल तर एखादा पाया सरकला आहे. कर्ण जुळतात पण ओळंबा जुळत नाही, असं असेल तर दोष वरच्या सांध्यांत आहे. अशा वेळी आधी चौकट सरळ करा, नट आवळायचे ते त्यानंतर.