खडकीचं बटण

आज खडकीला आत्याकडे टाकीसाठी खड्डा खणताना मातीत एक बटण सापडलं. हिरवं पडलेलं पितळ, मागे वाकलेली कडी. घरात एकच गलका : ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई! खरं सांगते, माझंही काळीज धडधडलं.

आत्या चिंच घेऊन आली, तिला हात जोडून थांबवलं. घासलं की नक्षीच जाते हो! मऊ ब्रशने नुसती माती झटकली, तर खाली सिंह, एकशिंगी घोडा आणि वर मुकुट. हे राजचिन्ह ब्रिटिश पायदळाच्या साध्या शिपायांच्या बटणांवर १८७१ पासून आलं. त्याआधी पलटणीचा क्रमांक असायचा. आणि १८५५ पर्यंत त्यांची बटणं पितळी नव्हतीच, कथलाच्या मिश्रधातूची असत. मग भिंगातून मुकुट पाहिला. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या असतात, ह्याच्या घुमटासारख्या गोल. म्हणजे राजाचा मुकुट, १९०१ नंतरचा.

लढाईचं नाही म्हटल्यावर सगळे हिरमुसले. मला मात्र ते हातातून ठेववेना. घरापासून हजारो मैलांवर, ह्याच छावणीत कुणा पोराच्या कोटावरून ते तुटलं असेल.

आत्याने कापसात गुंडाळून डबीत ठेवलंय. सोबत माझी चिठ्ठी : कुठे सापडलं, किती खोल, कोणत्या तारखेला.